पऱ्हाटीखालचा खड्डा

बोरी अरब,
दि. ९ मार्च २०२५

प्रिय दादा,

पत्राचा आरंभ क्षेमकुशलाने करावा, हे मला ठाऊक आहे. परंतु खोटे लिहिण्यापेक्षा ती ओळ गाळणे बरे वाटले. तू फोन उचलत नाहीस आणि संदेश वाचत नाहीस, याबद्दल तक्रार नाही. फोनवर मलाही कधी धड बोलता आलेले नाही. तुझ्याबरोबर आयटीआयत असलेल्या रामसिंगने तुझा भिवंडीचा पत्ता दिला. तू तेथे गोदामात खोकी चढवतोस, असे तो म्हणाला. तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, अभ्यासक्रम प्रथम श्रेणीत पूर्ण केलेला माणूस खोकी का चढवतो, हे त्याला उमगत नव्हते. मला उमगत होते, म्हणून मी काही बोलले नाही.

बातमी अशी आहे की, आपल्या घराचे वायरिंग मी करते आहे.

आईला कुलरचा झटका लागला आणि तू घर सोडून गेलास, त्याच दिवशी बाबांनी भिंतींवरच्या वायरिंगच्या पट्ट्या पहारीने उचकटल्या आणि पुढे अर्ज देऊन मीटरही काढून न्यायला लावले. येत्या मे महिन्यात त्याला दोन वर्षे होतील. तेव्हापासून आपल्याकडे सौर कंदील आहे. फोन भिंतीपलीकडच्या रुक्माकाकूंकडे चार्ज होतात. त्या दर वेळी हसून म्हणतात, "लाव बाई, पर माह्या घरची लाइटबी माह्यासारखीच म्हातारी झाली. पंखा चालते का झोपते, समजत नाही."

या जानेवारीत आई बाबांना म्हणाली, "झटका मले लागला होता. मी तं जित्ती हाय. मग घर काहून मेल्यावानी ठेवलं तुम्ही?"

 बाबा म्हणाले, "घरच्या पोरानं लावलेल्या वायरीनं हे झालं. परका वायरमन आनून कायले इस्वास ठेवू?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "मी करते."

"पुस्तकं वाचून?"

"हो. दादाचीच पुस्तके आहेत."

तुझे नाव आल्यावर ते उठून गोठ्यात गेले. परंतु नाही म्हणाले नाहीत. आपल्या घरात याला परवानगी म्हणतात, हे तुलाही माहीत आहे.

तुझी पक्कड, तुझा टेस्टर आणि तुझी मराठीतली पाठ्यपुस्तके मी पेटीतून काढली आहेत. दोन शंका आहेत. पायऱ्यांवरच्या दिव्याला दोन ठिकाणांहून बटन देताना तू मधली तार कोठून नेली होतीस? दुसरे असे की, घराच्या मागे काकूंच्या भिंतीलगत तू अर्थिंगचा जो खड्डा केला होतास, तोच वापरू का? कोळसा आणि मीठ थरावर थर देऊन तू तो भरत होतास, तेव्हा मी शेजारी बसून होते. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती माणसाला न शिवता या वाटेने जमिनीत जावी, असे तू मला समजावले होतेस. "खड्ड्यात पानी घालत जा," असे तू प्रत्येकाला सांगत होतास. त्या उन्हाळ्यात पिण्यालाच पाणी नव्हते, तर खड्ड्याला कोण घालणार? आता त्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मोठा भारा रचलेला आहे. तुझी तार तेवढी भिंतीवरून वर आलेली दिसते.

उत्तर नाही आले, तरी मी लिहीत राहीन.

तुझी,
प्रेरणा


बोरी अरब,
दि. ३० मार्च २०२५

प्रिय दादा,

तुझे पार्सल मिळाले. वीज गळू लागताच सगळ्या घराचा प्रवाह तोडणारे ते यंत्र मी पुस्तकात पाहिले होते, प्रत्यक्षात प्रथमच हाती घेतले. खोक्यात चिठ्ठी नव्हती. मी खोके उलटे करून पाहिले.

बाबांनी विचारले, "काय हाय ते?"

"बटन आहे."

त्यांनी वरचा पत्ता वाचला, खाली पाठवणाऱ्याचे 'आयुष' हे नाव वाचले. तुझे अक्षर त्यांना कळते. नंतर ते खोके त्यांनी देवळीशेजारच्या फळीवर ठेवले, जेथे ते स्वतःचा चष्मा ठेवतात. यातून मी काही अर्थ काढलेला नाही. केवळ जे घडले ते लिहिले.

तू नवे कनेक्शन कसे मिळते ते जाणतोस. परवानाधारक ठेकेदाराने काम तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करायची आणि मग वीज कार्यालयाचे अभियंते येऊन पाहणी करायची. दारव्ह्याचे ठेकेदार हिरासिंगभाऊ यांच्याकडे मी गेले. दुकानात चार माणसे बसलेली होती, त्यामुळे माझा आवाज निम्माच निघाला.

ते म्हणाले, "बाई, रिपोर्ट घरबसल्या भेटते. नाव सांगा, पॉइंट सांगा, सही घेऊन जा. इतक्या उन्हात मले बोरीले कायले नेता?"

"तुम्ही येऊन तपासावे, अशी माझी इच्छा आहे."

"काम कोन्या मिस्तरीचं हाय?"

मी म्हणाले, "माझे."

चौघेही हसले. हिरासिंगभाऊही हसले, पण मध्येच थांबून म्हणाले, "मंग तं यावंच लागन."

ते मोटारसायकलने आले. तासभर त्यांनी प्रत्येक पेटी उघडून पाहिली. स्वयंपाकघरात थांबले आणि त्यांनी मला हाक मारली. "बाई, कॉलेजात पहिला नंबर असन तुमचा. ह्या बटनात तुम्ही नापास."

मी बटन परतीच्या तारेवर बसवले होते, येणाऱ्या तारेवर नव्हे. दिवा विझला असता, परंतु होल्डरमध्ये वीज तशीच उभी राहिली असती. पुस्तकात ते वाक्य मी अधोरेखित केलेले होते. तरीही हातून तसेच घडले. आई दारातून पाहत होती. तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे अजून उघडत नाहीत. भाकर थापताना ती ही दोन बोटे बाजूला ठेवते. तिच्यासमोर ते बटन उघडून उलटे करताना माझे कान तापले होते.

"सुधरा, मी पुन्हा येतो," असे म्हणून ते निघाले. अंगणातून बाबांनी त्यांना विचारलेले मी ऐकले, "पोरीचं काम कसं वाटते?"

"पोरीचं चांगलं हाय. एक चूक तं माह्याबी हातून होते."

बाबा म्हणाले, "एका चुकीतच जाते मानूस."

तो टोला तुला होता, दादा. मी तो तुझ्यापर्यंत पोचवायला नको होता. परंतु सगळे खरे लिहायचे, असे मी ठरवले आहे.

प्रेरणा


बोरी अरब,
दि. १४ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

हे पत्र एकटा असताना वाच.

शुक्रवारी मी घरातली अर्थिंगची तार तुझ्या जुन्या तारेला जोडायला घेतली. सवय लागावी म्हणून तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावते. टेस्टर पेटला. आपल्या घरात मीटर नाही, खांबावरून येणारी तार नाही, वायरिंगला एक बॅटरीसुद्धा जोडलेली नाही. तरीही जमिनीतून वर येणाऱ्या तारेवर वीज होती.

प्रथम वाटले, टेस्टरच बिघडला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, तर तो पेटला नाही. दुपारी पुन्हा पेटला. भिंतीपलीकडे काकूंचा पंखा कुरकुरत होता. मी फोन नेण्याच्या निमित्ताने गेले आणि म्हणाले, "काकू, पंखा जरा बंद करू का? आवाज फार येतो."

"कर ना वं. तसाबी वारा कोठी येते त्याचा."

परत येऊन पाहिले. टेस्टर विझलेला होता.

बाबा शेतात गेल्यावर मी पऱ्हाट्यांचा भारा हटवला. हात ओरबाडले गेले आहेत, अक्षर वेडेवाकडे आले त्याचे कारण तेच. खाली तुझा खड्डा सुकून कडक झालेला आहे आणि काळ्या मातीला बोट जाईल एवढी भेग पडलेली आहे. काकूंच्या भिंतीच्या भोकातून एक तार आलेली आहे आणि ती तुझ्या पाइपाला बांधलेली आहे.

तुला अधिक सांगण्याची गरज नाही, तरी स्वतःची खात्री करून घेण्यासाठी लिहिते. काकूंच्या घराची परतीची तार खांबाकडे कोठेतरी तुटलेली आहे. अशा वेळी गावात काय करतात, ते आपण लहानपणापासून पाहत आलो. लाइनमनची वाट कोण पाहील? जमिनीत एक खुंटा ठोकायचा आणि परतीची तार त्याला बांधून टाकायची, दिवा लागतो. काकूंकडे कोणीतरी खुंटा ठोकण्याचेही कष्ट वाचवले, कारण भिंतीला लागून तुझा पाइप तयार होता. पावसाळ्यात ते खपून गेले असते. परंतु मे महिन्यात माती सुकली, तेव्हा ती वीज जमिनीत शिरेना, आणि तुझ्या तारेने मागे फिरून आपल्या कुलरच्या पत्र्यावर येऊन उभी राहिली. आई ओल्या हाताने कुलरमध्ये पाणी ओतत होती.

दादा, तुझ्या कामात चूक नव्हती. तू कुलरला अर्थिंग दिले होतेस, म्हणूनच तो झटका कुलरपर्यंत पोचला. बेफिकीर माणसाने अर्थिंग न देता वायरिंग केलेल्या घरात आईला काहीही झाले नसते. हे वाक्य मी कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिले, आणि प्रत्येक वेळी ते अधिक वाईट वाटले.

ती तार कोणी बांधली, हे मी काकूंना विचारलेले नाही. विचारावे लागणार नाही. बांधण्याची पद्धत मी ओळखते. तूही ओळखशील, म्हणून ती कशी आहे, ते या पत्रात लिहीत नाही.

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. न्हाणीचे पाणी जेथे मुरते, तेथे नवा खड्डा खणून तुझा जुना पाइप सोडून द्यायचा. घर पाहणीत पास होईल. काकूंची तार लाइनमन आला की सुटेल. कोणाला काही कळणार नाही, आणि तू जेथे आहेस तेथेच राहशील. दुसरी वाट तुला ठाऊक आहे.

लवकर लिही.

प्रेरणा


बोरी अरब,
दि. ४ मे २०२५

प्रिय दादा,

तुझे कार्ड वेळेवर मिळाले. दोन वर्षांत तीन वाक्ये: "जुन्या पाइपाभोवती काट्या लाव. नवा खड्डा कर. बाबांना सांगू नको."

पहिली दोन मी पाळली. बाभळीच्या काट्या आणून जुनी जागा बंद केली, वर पुन्हा पऱ्हाट्या टाकल्या. न्हाणीमागे नवा खड्डा खणला. आईने डाव्या हाताने माती उपसली. काकूंच्या तारेची तक्रार वीज कार्यालयात दिली. "येतो" असे उत्तर मिळाले. हिरासिंगभाऊ पुन्हा आले, ते बटन पाहून हसले आणि त्यांनी सही केली.

तिसऱ्या वाक्याबद्दल आता लिहिते.

काल वीज कार्यालयाच्या शुभदा मॅडम पाहणीला आल्या. सोबत हिरासिंगभाऊ होते. बाबा निंबाखाली खाटेवर घराकडे पाठ करून बसले होते. मॅडमनी यंत्र लावून एकेक तार तपासली, तुझ्या यंत्राच्या जोडण्या पाहिल्या, नवा खड्डा मोजला.

"काम कोणी केलं?"

"ह्या बाईनं," हिरासिंगभाऊ म्हणाले. "माह्या पोट्ट्यायले दाखवाले आनतो मी हे घर. त्यायच्या पट्ट्या नागोबावानी जातात."

मॅडम हसल्या. "पास आहे," असे म्हणून त्यांनी पिशवीची चेन लावली. आईने चहा ठेवला होता. तेवढ्यावर सगळे संपू शकले असते. मी तुझे कार्ड आठवत उभी होते. त्याच वेळी बाबा खाटेवरूनच हिरासिंगभाऊंना म्हणाले, "पाहा, पोरीनं करून दाखवलं. पोट्ट्याले आयटीआयत शिकवून काय भेटलं?"

तुला माहीत आहे, चार माणसांत मला कधी बोलता आलेले नाही. मी म्हणाले, "मॅडम, आणखी एक जागा पाहायची आहे." दुसऱ्यांदा म्हणावे लागले, कारण पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेले नाही.

पऱ्हाट्या आणि काट्या मी बाजूला केल्या. मॅडमनी यंत्र लावले आणि आकड्याकडे पाहत राहिल्या. "घरात सप्लाय नाही, आणि इथे एकशे दहा व्होल्ट?" त्यांनी तार डोळ्यांनी भिंतीपर्यंत नेली. "त्या घरात कोण राहतं? बोलवा."

रुक्माकाकू पदर सावरत आल्या. मॅडमनी त्यांना विचारले, ही तार कोणी बांधली. असे करणे गुन्हा आहे, कनेक्शन तोडावे लागेल, असेही सांगितले. काकूंनी एकदा खाटेकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"मले काय समजते बाई. मीच बांधली असन."

"तुम्ही? या वयात?"

"हौ. मीच."

तार पाइपाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली होती. सरळ फेरे आणि शेवटचा उलटा, खाली ओढून खोचलेला. फवारणीच्या पंपाची नळी आपल्या घरात ज्या रीतीने बांधली जाते, त्याच रीतीने. तुला मी लिहिले नव्हते ते हेच.

बाबा खाटेवरून उठून आले. "काहून खोटं बोलता वयनी. ते म्या बांधलं."

मग त्यांनी काकूंकडे हात केला.

"ह्यायचा पंखा बंद पडला होता. एकटी बाई, उन्हानं जीव चालला होता. लाइनमन येत नव्हता. गावात सारे असंच करतात. मले वाटलं, भल्याचं काम केलं."

मॅडमनी विचारले, "कधी बांधलीत?"

"झाले दोन वर्षं. मे महिना होता. आमच्या इच्या हाताले कुलरचा झटका लागला ना, त्याच्या आदल्या..."

ते तेथेच थांबले. दादा, ते वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. मी काही सांगितले नाही, सांगावे लागलेच नाही. त्यांनी काकूंच्या भिंतीकडे पाहिले, पाइपाकडे पाहिले, तुझी तार जेथून घरात शिरत होती तेथे पाहिले. मग आईच्या हाताकडे.

मॅडमनी त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. हिरासिंगभाऊंनी हळूच म्हटले, "राहू द्या मॅडम. समजलं त्यायले."

मॅडम भल्या होत्या. त्यांनी कोणावर काही लिहिले नाही. फोन करून लाइनमनला बोलावले आणि तो येईपर्यंत आपल्या ओट्यावर बसून राहिल्या. काकूंची तार खांबाजवळ जोडली गेली, पाइपावरची कापली गेली. संध्याकाळी काकूंचा पंखा असा काही फिरू लागला की त्या घाबरून खाली उभ्या राहिल्या. एरवी आपण सगळे हसलो असतो.

बाबा जेवले नाहीत. आज सकाळी मी समोर गेले, तर त्यांनी तोंड फिरवले. मी योग्य केले की नाही, हे मला कळत नाही. तुझी आज्ञा मोडली, आणि वडिलांना परक्या माणसांसमोर उभे केले. खोलीत एकटे गाठून हळू आवाजात सांगता आले असते. परंतु एकट्यात त्यांनी ते मानले नसते, असेही वाटते. की हे मी माझ्या समाधानासाठी म्हणते आहे?

तू रागावला असशील, तर तसे लिही. तीन वाक्ये पुरेत.

प्रेरणा


बोरी अरब,
दि. १८ मे २०२५

प्रिय दादा,

तुझ्याकडून काही आले नाही. तरीही कळवणे माझे काम आहे.

मीटर बसले. घर पास झाल्याचा कागद आला. लाइनमन खांबावरून तार जोडून गेला, तेव्हा मी मेन स्विचकडे हात नेला. दोन महिने मी त्या क्षणाची वाट पाहत होते.

"थांब," बाबा म्हणाले. पंधरवड्यात माझ्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

"काहून?" आईने विचारले.

"त्याले येऊ दे. बटन तो टाकन."

"ह्या उन्हात? कुलर कोपऱ्यात उभा हाय, अन् आपन घामानं गळून राह्यलो."

"ह्याच उन्हात," बाबा म्हणाले आणि स्विचच्या पेटीचे झाकण लावून टाकले.

त्यामुळे आपले घर सर्व कसोट्यांना उतरलेले आहे आणि त्यात उजेड नाही. रुक्माकाकू भिंतीवरून विचारतात, "प्रेरणा, आला का वं तो?" आणि मग स्वतःच गप्प होतात, कारण त्यांचा पंखा जोरात फिरत असतो. आईने तर जाहीर केले आहे की, कुलर सुरू होईल तेव्हा त्याला पहिला हात तीच लावणार, उजवा. तू शेजारी उभा असलास म्हणजे झाले.

तुझ्याबद्दल बाबा काही बोलत नाहीत. क्षमा मागणे त्यांना येत नाही. त्यांनी ती कधी कोणाकडे मागितल्याचे मला आठवत नाही. तू परत आलास तरी ते मागतील, असे मी तुला खोटे लिहिणार नाही. तू त्यांना वाचवू पाहिलेस, हे मी त्यांना सांगितलेले नाही. तुझे कार्ड माझ्याजवळच आहे.

पण एक गोष्ट पाहिली आहे, ती लिहून थांबते. विहिरीचे पाणी तळाला गेले आहे. रोज सकाळी बाबा पहिली बादली काढतात, ती बैलांपुढे ठेवण्याआधी न्हाणीमागे नेतात आणि नव्या खड्ड्यात हळूहळू ओततात, माती पिईल तशी. घरात वीज सुरूसुद्धा नाही. काल न राहवून मी म्हणाले, "बाबा, न्हाणीचं पाणी तिथं मुरतंच. खड्डा ओला आहे. रोज कशाला?"

त्यांनी बादली पालथी करून शेवटचे थेंब झटकले.

"आयुषनं सांगतलं होतं," ते म्हणाले.

तुझी,
प्रेरणा